काळ्या मातीतला नॅनोसिलिका

पुणे-लोणावळा लोकलने देहूरोड सोडलं की घोरावाडीच्या आधी बेगडेवाडी लागतं. जवळच्या शेलारवाडीच्या डोंगरात सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी कोरलेली बौद्ध लेणी आहेत. ती ज्या बेसाल्टमध्ये आहेत, त्याच खडकाची झीज होऊन पवना-इंद्रायणीच्या खोऱ्यांतली काळी माती तयार झाली. खडकाने लेणी पेलली. मातीला मात्र साधा डांबरी रस्ता धड पेलवत नाही.

दोष मॉन्टमोरिलोनाइट या खनिजाचा. त्याचे अतिसूक्ष्म पापुद्रे एकावर एक रचलेले असतात आणि फटींत पाणी शिरलं की ते एकमेकांपासून दूर सरकतात. म्हणून पावसाळ्यात जमीन फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वरचा रस्ता फाटतो. सरळ उपाय म्हणजे काळी माती उपसून मुरूम भरणं. पण तो मुरूमही कुठला तरी डोंगर खणूनच येतो. त्यापेक्षा जागेवरच्या मातीतच सिमेंट कालवावं, ही कल्पना जुनी आहे. अमेरिकेत दक्षिण कॅरोलिनातल्या जॉन्सनव्हिलजवळ १९३५ साली असा रस्ता झाला.

सिमेंटमध्ये पाणी पडलं की दोन गोष्टी तयार होतात. एक कॅल्शियम सिलिकेट हायड्रेट, जे मातीचे कण बांधून ठेवतं. दुसरा चुना, ज्यात स्वतःची ताकद फारशी नसते. आपल्या जुन्या गवंड्यांना या चुन्याचं काय करायचं ते ठाऊक होतं: ते त्यात सुरखी, म्हणजे भाजलेल्या विटांची पूड, मिसळत. सुरखीतली सिलिका चुन्याशी संयोग पावून तेच बांधणारं द्रव्य घडवते. सिमेंटसोबत मातीत घालायच्या नॅनोसिलिकाचं, म्हणजे सिलिकाच्या अतिसूक्ष्म कणांचं, रसायन याहून वेगळं नाही. नवलाई आहे ती आकारात.

सिमेंटचा कण साधारण दहा-वीस मायक्रॉनचा, तर नॅनोसिलिकाचा दहा-वीस नॅनोमीटरचा, म्हणजे हजार पटींनी लहान. त्यामुळे चिमूटभर, एक ग्रॅम नॅनोसिलिकाचं एकूण पृष्ठफळ २०० चौरस मीटरच्या आसपास भरतं. बॅडमिंटनची दोन कोर्टं झाकून वर उरेल इतकं! एवढ्या पृष्ठभागावर चुना झपाट्याने खपतो. शिवाय हे कण बीजाचं काम करतात: त्यांच्याभोवती बांधणारं द्रव्य लवकर धरतं आणि पोकळ्या बुजतात. ताकद लवकर चढते, पाणी कमी झिरपतं.

मात्र ‘जास्त घातलं की जास्त मजबूत’ हा हिशेब इथे चालत नाही. ठरावीक प्रमाणापुढे कण एकमेकांना चिकटून गुठळ्या होतात आणि ताकद उलट घसरते. प्रयोगशाळेत ध्वनिलहरींनी या गुठळ्या फोडता येतात. रस्त्याच्या कामावर तशी सोय कुठली? मला खरी अडचण इथेच दिसते, किमतीची त्यानंतर. ग्रामीण रस्त्यांवर नॅनो म्हणून जे वापरलं जातं ते बरेचदा ऑर्गॅनोसिलेन असतं. ते मातीच्या कणांना पाणी झिडकारायला लावतं. ही निराळीच युक्ती.

चिकट काळ्या मातीत सिमेंट तर थेट मिसळतही नाही. आधी चुना टाकून ढेकळं फोडावी लागतात, मग सिमेंट, मग नॅनोसिलिका विरवलेलं पाणी. सिमेंट मिसळल्यापासून साधारण दोन तासांत रोलरने दबाई पुरी व्हावी लागते. मावळच्या जुलैत कोरडे दोन तास मिळायची मारामार, म्हणून असली कामं दिवाळीनंतर काढलेली बरी.