पऱ्हाटीची बातमी दोन भाषांत

अकोल्याच्या बाजारात शेतकरी ‘कापूस’ म्हणतो, तेव्हा तो सरकीसकटच्या कापसाबद्दल बोलत असतो. गिरणीवाला आणि परदेशातला व्यापारी ‘कॉटन’ म्हणतात ते सरकी काढलेल्या रुईला. शंभर किलो कापूस जिनिंगमधून काढला की साधारण 33 ते 35 किलो रुई मिळते, बाकीची बहुतेक सरकी. 2024-25 च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 7,521 रुपये होता, तो सरकीसकटच्या मालाचा. रुईचा सौदा होतो 356 किलोच्या खंडीवर. बातमीदाराने हे दोन आकडे ‘कॉटन’ या एकाच शब्दाखाली शेजारी-शेजारी छापले, तर तुलनाच खोटी ठरते. वऱ्हाडात द्विभाषिक पत्रकारिता शिकायची ती याच्यासाठी.

शिकण्याची जागाही इथेच आहे. दिल्लीत 1965 साली सुरू झालेल्या भारतीय जनसंचार संस्थेचं पश्चिम विभागीय केंद्र अमरावतीत आहे. ते सुरू झालं संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या आवारात. आधी इंग्रजी पत्रकारितेचा पदव्युत्तर पदविका अभ्यासक्रम आला, पुढे मराठीचा. 2024 मध्ये विभागीय केंद्रांसह संस्थेला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. पुण्या-मुंबईचं भाडं ज्यांना झेपत नाही, त्यांना ही मोठीच सोय आहे.

मराठी वृत्तपत्राचा जन्मच दोन भाषांत झाला, हे आपण विसरतो. बाळशास्त्री जांभेकरांचं ‘दर्पण’ 6 जानेवारी 1832 रोजी निघालं, तेव्हा एकाच पानावर मराठी आणि इंग्रजी असे दोन रकाने होते. राज्यकर्त्यांना इथल्या लोकांचं म्हणणं कळावं आणि लोकांना नवी विद्या, हा त्यामागचा विचार. वऱ्हाडालाही पत्रं नवी नाहीत. एकोणिसाव्या शतकातच अकोल्यातून ‘वऱ्हाड समाचार’ निघत होता.

आता ‘पैसेवारी’ घ्या. गावाची पैसेवारी 50 पैशांच्या आत आली, एवढं म्हटलं की मराठी वाचकाला पीक बुडाल्याचं समजतं. इंग्रजीत नुसतं ‘पन्नास पैसे’ लिहिलं तर दिल्लीतल्या वाचकाला काय बोध होणार? तिथे सांगावं लागतं, की सर्वसाधारण पीक रुपयाभर धरलं तर यंदाचं निम्म्याहूनही कमी आलं. हे सांगताना लिहिणाऱ्याला स्वतःलाच पैसेवारी नीट समजून घ्यावी लागते. दुसऱ्या भाषेचा हा फायदा मला सगळ्यात मोठा वाटतो. आपल्या भाषेत जे शब्द आपण न तपासता वापरतो, ते ती तपासायला लावते.

आणि ‘यंदा पऱ्हाटी हातची गेली’ हे वाक्य? ‘कापसाचं पीक नष्ट झालं’ हा त्याचा अर्थ झाला, पण हाताशी आलेलं निसटल्याचं दुःख त्यात उरत नाही. 2017 मध्ये बोंडअळीने विदर्भातली पऱ्हाटी पोखरली, त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजूर दगावले. देशभरचे बातमीदार तेव्हा आले. त्यांना माणसं आपलं दुःख वऱ्हाडीतच सांगत होती.

मेळघाटात तर दोन भाषाही पुरत नाहीत. तिथली कोरकू ही भाषा मुंडा कुळातली, म्हणजे मराठीशी तिचं नातंच नाही. कोरकू आईचं म्हणणं कोणी तरी हिंदीत सांगतं, बातमीदार ते मराठीत टिपतो आणि छापून येतं इंग्रजीत. तिथल्या कुपोषणाच्या बातम्यांत आकडे भरपूर आणि त्या बाईचं बोलणं नेमकं कमी, याचं एक कारण हे आहे. अमरावतीत पत्रकारिता शिकणाऱ्या प्रत्येकाला कामचलाऊ कोरकू यायला हवी, असं माझं स्पष्ट मत आहे.

केंद्रातले इंग्रजी आणि मराठी हे अभ्यासक्रम वेगवेगळे असले, तरी बातमी एकच असते. विद्यार्थ्यांनी एकच बातमी दोन्ही भाषांत लिहावी आणि छापण्याआधी, ज्याच्याबद्दल लिहिली त्याला मराठीतली वाचून दाखवावी. वऱ्हाडातल्या ज्या घरात पदवी झालेलं लेकरू असेल आणि त्याला लिहिण्याची ओढ असेल, त्या घराने एकदा अमरावतीच्या या केंद्रावर जाऊन चौकशी करावी. वऱ्हाडी घरातून येतेच. इंग्रजी आणि प्रमाण मराठी तिथे शिकता येईल.