कॅपवर टेकलेली कवळी

मागच्या दाढा गेल्या की इम्प्लांट सगळ्यांनाच परवडतात असं नाही. मग काढता-घालता येणारी अर्धी कवळी करतात. कोबाल्ट-क्रोमियमची बारीक चौकट, तिच्यावर बसवलेले दात आणि उरलेल्या दातांना धरून ठेवणारे हूक. ज्या दातावर हूक बसतो, तो पुष्कळदा आधीच किडलेला, रूट कॅनाल झालेला असतो आणि त्यावर सिरॅमिकची कॅप असते. कवळीचा बराचसा भार मग या कॅपवर येतो.

सिरॅमिक दाब छान सोसतं, ताण मात्र सोसत नाही. खडू उभा दाबला तर टिकतो, वाकवला की मोडतो, तसंच. वरून चावलं की कॅप सूक्ष्म प्रमाणात वाकते आणि तिच्या आतल्या, सिमेंटकडच्या पृष्ठभागावर ताण पडतो. तडा अनेकदा तिथेच सुरू होतो. तो ना पेशंटला दिसतो, ना डॉक्टरांना. लाळेतला ओलावा त्या तड्याच्या टोकाशी पदार्थाचे बंध सैल करत राहतो. म्हणून चिक्की चावताना काहीच न झालेली कॅप कधी मऊ भात खाताना तुटते.

कवळी हिरडीत रुतू नये म्हणून हुकाला एक छोटी टेकण असते, डॉक्टर तिला रेस्ट म्हणतात. ती कॅपच्या चावण्याच्या बाजूला, कडेशी केलेल्या खळग्यात बसते. हा खळगा साधारण एक ते दीड मिलिमीटर खोल आणि चमच्यासारखा गोलसर हवा; टोकदार कोपरा राहिला की ताण नेमका तिथेच एकवटतो. कॅपचं डिझाइन करतानाच खळगा आखला, तर त्याखाली पुरेशी जाडी राखता येते. बसवलेली कॅप नंतर तोंडातच डायमंड बरने कोरली, तर जाडी घटते आणि घासल्याचे सूक्ष्म तडे मागे उरतात. कॅप आधी, कवळीचा विचार नंतर, हा क्रम बदलायलाच हवा.

कॅप कशाची, यानेही फरक पडतो. साध्या पोर्सेलिनची वाकताना टिकण्याची ताकद साधारण 100 मेगापास्कल, लिथियम डायसिलिकेटची 400 च्या आसपास, तर मजबूत झिर्कोनियाची 900 ते 1200. तडा पुढे सरकू लागला की झिर्कोनियाचे स्फटिक रूप बदलतात, किंचित फुगतात आणि तड्याला आवळतात. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी 1975 मध्ये हा गुण जगापुढे मांडला. पण कॅप टिकली म्हणून खालच्या दातावरचा भार हलका होत नाही.

सगळ्यात अवघड स्थिती म्हणजे कवळीच्या मागे आधाराला एकही दात नसणं. चावताना दात जेमतेम हलतो, हिरडी मात्र त्याच्या कितीतरी पट दबते. कवळीचं मागचं टोक खाली जातं आणि हूक दाताला तरफेसारखा ओढतो. अमेरिकी दंतवैद्य क्रॅटोचव्हिल यांनी 1963 मध्ये टेकण दाताच्या पुढच्या बाजूला घेण्याचा मार्ग मांडला. त्यामुळे कवळी दबली की हुकाचं टोक दाताला ओढण्याऐवजी सुटं होतं.

पेशंटच्या हातातही बरंच काही आहे. पुढे कवळी लागण्याची शक्यता असेल, तर कॅपचं माप देण्यापूर्वीच तसं सांगावं. कवळी चावून बसवू नये, बोटांनी दाबून बसवावी. दात गेलेल्या जागी हाड हळूहळू झिजतं, कवळीखाली पोकळी होते आणि दातावरचा भार वाढतो. म्हणून कवळी डुलू लागली की ती डॉक्टरांकडे नेऊन रीलाइन करून, म्हणजे आतली बाजू हिरडीला पुन्हा बेतून घ्यावी.