गुडघ्याचा रस्ता पोटातून जातो, बॉस!

फिजिओथेरपी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? शेक, करंटचं मशीन, रबर बँड आणि 'चला, अजून दहा!' खाण्यापिण्याचा तिथे काय संबंध? लिगामेंटचं ऑपरेशन होईपर्यंत मलाही हेच वाटायचं.

दोन महिने लेग रेज, हाफ स्क्वॉट सगळं इमानेइतबारे चालू होतं. पण टेप लावली की ऑपरेशन झालेल्या पायाची मांडी दुसरीपेक्षा दोन सेंटिमीटर बारीक ती बारीकच. मग एके दिवशी आमच्या फिजिओ मॅडमनी विचारलं, "दिवसभरात खातेस काय ते सांग." सकाळी चहा-खारी, ऑफिसात पोहे, डब्यात पोळी-भाजी, संध्याकाळी परत चहा, रात्री वरण-भात. ऐकायला किती सोज्वळ! अर्ध्या ऑफिसचा मेनू हाच असेल.

"गवंडी रोज कामावर येतोय, पण विटाच नाहीत," मॅडम म्हणाल्या.

हिशेब सोपा आहे. आयसीएमआर-एनआयएनच्या 2020 च्या शिफारशीनुसार निरोगी माणसाला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला 0.83 ग्रॅम प्रोटीन लागतं. म्हणजे 60 किलोला सुमारे 50 ग्रॅम. ऑपरेशननंतर गरज आणखी वाढते. आणि नेमके तेव्हाच आपण 'घरी बसून वजन वाढेल' म्हणून पोळ्या कमी करतो! माझी बेरीज पस्तिशीच्या पुढे जाईना. उपायही काही फॅन्सी नव्हता. दोन अंडी म्हणजे साधारण 12 ग्रॅम, मूठभर शेंगदाणे 7, शिवाय मटकीची उसळ, दही, पनीर. महागड्या डब्यातली पावडर नाहीच. (किडनीचा त्रास असेल तर मात्र प्रोटीन किती घ्यायचं, हे डॉक्टरांनीच ठरवायचं.) व्यायाम तेच ठेवले, दीड महिन्यात फरक एक सेंटिमीटरवर आला.

पण फिजिओने ताटात डोकावणं ही लुडबुड नाही का? अमेरिकेतल्या फिजिकल थेरपिस्टांच्या संघटनेने 2015 मध्येच भूमिका घेतली की आहाराबद्दल विचारणं, माहिती देणं हे त्यांच्या कामात बसतं. गरज पडली तर आहारतज्ज्ञाकडे पाठवायचं. आपल्याकडच्या 2021 च्या कायद्यातही फिजिओथेरपी आणि न्यूट्रिशन हे दोन वेगळे व्यवसाय आहेत. त्यामुळे ढोबळ सल्ला ठीक, पण छापील डाएट चार्ट हातात देऊन वर काउंटरवरूनच पावडर विकणारा फिजिओ भेटला, तर सरळ काढता पाय घ्या. दुखत असला तरी!

वजनाचा मुद्दा तर आणखी थेट. गुडघे झिजलेल्या आणि वजन जास्त असलेल्यांवर अमेरिकेत झालेल्या 2005 च्या एका अभ्यासात दिसलं, की एक किलो वजन घटलं की दर पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने हलका होतो. लोकलचे जिने आठवा आणि गुणाकार करा.

माझं बघून आईही तिथे गेली. तिचा खांदा अवघडला होता, हात मागे जात नव्हता. मॅडमनी व्यायाम दिले, पण आधी शुगर तपासून यायला सांगितलं. फ्रोझन शोल्डर डायबिटीस असलेल्यांमध्ये जास्त दिसतो म्हणे. आईला वाटलं, खांद्याचं दुखणं आणि रक्त कसलं तपासताय? रिपोर्ट वाढलेला आला. मॅडमनी तिला डॉक्टरांकडे आणि डाएटिशियनकडे पाठवलं. सध्या साबुदाण्याच्या खिचडीवरून त्या दोघींच्या वाटाघाटी चालू आहेत.