माळ्यावरचा ट्रक खाचरात धावला

आमचे दुल्हाभाई शारजाहून कायमचे परत आले, तेव्हा सामानात एक मोठं खोकं होतं. आत रिमोटवर चालणारा, अर्धा मीटर लांबीचा, जाडजूड चाकांचा ट्रक. तिथल्या कुणीतरी घर रिकामं करताना स्वस्तात दिलेला. भाचा तेव्हा सातवीत होता. वेल्ह्यातल्या अंगणात खोकं उघडलं तेव्हा सगळी गल्ली जमली, पण ट्रक जागचा हलला नाही. तो सेलवर चालणारा नव्हता. त्यात खरंखुरं छोटं इंजिन होतं आणि त्याला मिथेनॉल, नायट्रोमिथेन आणि तेल यांचं खास मिश्रण लागत होतं. पेट्रोल ओतून तो चालणार नव्हता. तसलं इंधन ना वेल्ह्यात, ना भोरमध्ये. मागवावं तर महाग, शिवाय घरात ठेवायला धोक्याचं. ट्रक माळ्यावर गेला आणि दोन वर्षं तिथेच राहिला.

नववीत भाच्याचं गणित घसरलं. दुल्हाभाईंची नोकरी सुटलेली, हातात पैसा कमी. आपा म्हणाली, "भाईजान, ते धूड विकून टाका, क्लासची फी तरी निघेल." आम्ही भोरमध्ये चौकशी केली. न चालणारा ट्रक कोण घेणार? तेव्हा भाचाच म्हणाला, "मामू, इंजिन काढून मोटर बसवली तर?"

आम्ही मास्तर माणूस. मुलाने प्रश्न विचारला की नाही म्हणणं जड जातं. पण अट घातली. प्रत्येक रुपयाचा आणि प्रत्येक मापाचा हिशेब वहीत लिहायचा. वही भरली नाही, तर काम बंद.

इंजिन की मोटर?

हा खेळ आपल्याला नवा वाटतो, पण जुना आहे. जपानच्या तामिया कंपनीने १९७६ साली रिमोटवर धावणारी पोर्शे ९३४ आणली, तीही बॅटरीवरची. १९७९ मध्ये त्यांच्या मातीत धावणाऱ्या बग्ग्या आल्या. विजेवरच्या ऑफ-रोड गाड्यांची पहिली जागतिक स्पर्धा १९८५ साली अमेरिकेत कॅलिफोर्नियात झाली. तरी मोठ्या, वजनदार गाड्यांत बरीच वर्षं इंजिनाचाच दबदबा होता, कारण जुन्या बॅटऱ्या लवकर दम सोडत. लिथियम पॉलिमर बॅटरी (पोरं तिला 'लिपो' म्हणतात) आणि ब्रशलेस मोटर आल्यावर चित्र पालटलं. जुन्या मोटरमध्ये कार्बनचे ब्रश घासून झिजतात. ब्रशलेसमध्ये घासणारं काही नसतं, म्हणून ती जास्त ताकद देते आणि जास्त टिकते. जगभर अनेकांनी आपले इंजिनवाले ट्रक असेच बदलून घेतले. आमचा भाचा त्याच वाटेने निघाला होता.

काय काढलं, काय घातलं

इंजिन, इंधनाची टाकी, सायलेन्सर आणि क्लच निघाले. अशा ट्रकमध्ये दोन सर्व्हो असतात. एक पुढची चाकं वळवतो, दुसरा इंजिनाचा दम कमी-जास्त करतो आणि ब्रेक लावतो. हा दुसरा निघाला, कारण मोटरचा वेग आणि ब्रेक ही दोन्ही कामं स्पीड कंट्रोलर विजेनेच करतो. रिसीव्हरलाही कंट्रोलरमधूनच वीज मिळते, त्यामुळे त्याची वेगळी छोटी बॅटरीही गेली. चाकं, शॉकअप, तिन्ही डिफरन्शियल जागच्या जागी राहिले.

अडलं ते मोटर बसवायला. इंजिनाचे नट आणि मोटरचे नट जुळत नाहीत. भोरमधल्या लेथवाल्या चाचांनी अॅल्युमिनियमच्या जाड पट्टीतून बैठक कापून दिली. तिला गोल भोकांऐवजी लांबट खाचा ठेवल्या, म्हणजे मोटर पुढेमागे सरकवता येते. मोटरवरचं छोटं दातेरी चाक म्हणजे पिनियन. त्याचे दाते मोठ्या चाकात फार घट्ट बसले तर मोटर तापते, सैल बसले तर दाते तुटतात. चाचांनी युक्ती शिकवली. दोन्ही चाकांमध्ये वहीच्या कागदाची पट्टी धरायची, मोटर दाबून नट आवळायचे आणि पट्टी फिरवून बाहेर काढायची. कागदाच्या जाडीएवढी फट राहते, तेवढी पुरते.

वायर आणि कनेक्टर आम्ही पुण्यात तपकीर गल्लीतून आणले. जाड वायरला सोल्डर करायला साधा छोटा सोल्डरिंग आयर्न पुरत नाही, हे दोन डाग कच्चे निघाल्यावर कळलं. मोटर-कंट्रोलरची जोडी, बॅटरी आणि चार्जर मिळून खर्च अठरा हजारांच्या घरात गेला. त्यात भाच्याची तीन वर्षांची ईदी होती, उरलेले आम्ही घातले. आपा आठवडाभर आमच्याशी नीट बोलली नाही.

वहीतलं गणित

गणितात काठावर असलेल्या मुलाने वहीत काय मांडलं ते पाहा. मोटर २००० केव्हीची. इथे केव्ही म्हणजे किलोव्होल्ट नव्हे. मोटरवर काही ओझं नसताना दर व्होल्टमागे मिनिटाला किती फेरे, तो हा आकडा. बॅटरी चार सेलची, प्रत्येक सेल ३.७ व्होल्ट, म्हणजे १४.८ व्होल्ट. गुणाकार २९,६०० फेरे. पिनियनला १३ दाते, मोठ्या चाकाला ४६. पुढे डिफरन्शियलमध्ये ४३ ला १०. मोटरचे सुमारे १५.२ फेरे झाले की चाकाचा एक फेरा. चाकाचा परीघ ०.४४ मीटर. उत्तर आलं ताशी ५१ किलोमीटर. हे कागदावरचं. मातीत त्याहून कमीच मिळतो.

मग भाच्याने आम्हाला न सांगता १६ दात्यांचं पिनियन लावलं. "मामू, कागदावर तर ताशी बाराने वाढतोय!" गणित बरोबर होतं. वेल्ह्यात भातकापणी झालेल्या खाचरात त्याने ट्रक सोडला. धसकटं, ढेकळं, बांधाचा चढ. चौथ्या मिनिटाला धूर आला. मोटरच्या आतली तार जळाली होती.

पोर रडलं. आपा म्हणाली, "झाला ना तमाशा!" दुल्हाभाई काहीच बोलले नाहीत, आणि ते जास्त लागलं.

भोरमध्ये शेतीपंपाच्या मोटरी भरून देणारे एक कारागीर आहेत. जळकी मोटर त्यांच्याकडे नेली. एवढी बारीक मोटर भरणं परवडणार नाही, असं ते म्हणाले. पण त्यांनी भाच्याला समोर बसवून विचारलं, "वेग वाढवलास, पण ओझं किती वाढलं ते मोजलंस का?" रात्री आम्ही वही पुन्हा उघडली. १३ चे १६ दाते, म्हणजे चाकाला तेवढाच जोर द्यायला मोटरला जवळपास सव्वापट जोर लावावा लागतो. वीजप्रवाहही सव्वापट. आणि तारेत होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते, म्हणजे दीडपट. दहावीच्या विज्ञानात 'विद्युतधारेचे परिणाम' हा धडा आहे. आम्ही तो विषय वर्षानुवर्षं फळ्यावर शिकवला. हातात जळकी मोटर घेऊन पहिल्यांदाच शिकवला.

घरात बॅटरी असेल तर

माता-भगिनींनी हे जरूर वाचावं, कारण मोटर जळली तर पैसे जातात, बॅटरी पेटली तर घर जाऊ शकतं.

लिपो बॅटरी तिच्यासाठीच बनवलेल्या चार्जरवर, प्रत्येक सेल समान भरेल अशा पद्धतीनेच चार्ज करावी. भरलेला सेल ४.२ व्होल्टच्या वर जाऊ देऊ नये आणि वापरताना तीनच्या खाली उतरू देऊ नये. आमची बॅटरी ५००० मिलिअँपियर-तासाची आहे, तिला ५ अँपियरपेक्षा जास्त प्रवाहाने आम्ही चार्ज करत नाही. चार्जिंग फरशीवर, गादी-पडदे आणि गॅसपासून लांब, आणि माणूस जागा असतानाच. रात्री लावून झोपणं किंवा लावून नमाजला जाणं अजिबात नको. धावून आलेली बॅटरी थंड झाल्याशिवाय चार्जरला लावू नये. बरेच दिवस ठेवायची तर प्रत्येक सेल ३.८ व्होल्टच्या आसपास ठेवावा. बॅटरी फुगली तर तिचा वापर तिथेच थांबवावा. तिला टोचू नये, कचऱ्यात टाकू नये, ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्यावी.

आमच्याकडे ही जिम्मेदारी आता आपाकडे आहे. चार्जर लागला की ती तांदूळ निवडायला तिथेच बसते. शेजारी वाळूची बादली.

पाच मिनिटांची शर्यत

दुसरी मोटर यायला वर्ष गेलं. मे महिन्याच्या सुट्टीत भाचा त्या कारागिरांकडे तारा गुंडाळायला शिकला. पुढच्या ईदची ईदी आली, थोडे दुल्हाभाईंनी दिले. या वेळी त्यांनीच दिले, न मागता.

कापणीनंतर त्याच खाचरात शाळेच्या मैदानावर टाकतात तशी फक्की टाकून वळणं आखली. बांधाचा उतार म्हणजे उडी. भोरहून तीन पोरं आपापले ट्रक घेऊन आली. नियम सोपा, पाच मिनिटांत ज्याच्या फेऱ्या जास्त तो पहिला. भाच्याचं पिनियन १३ चंच. रिसीव्हरची डबी फुग्याच्या रबरात गुंडाळलेली, कारण खाचरात अजून ओल होती. तापमान मोजायला कोरोनातली कपाळावर धरायची बंदूक त्याने आधी आणली होती. ती अंगाच्या तापापुरतीच असते, तेव्हा कारागिरांकडची मागून आणली. ७० अंशांच्या पुढे गेला की थांबायचं, असं वहीत लिहिलेलं.

सुरुवातीला एका पोराचा ट्रक भाच्याच्या कितीतरी पुढे निघाला. तिसऱ्या मिनिटाला तो बांधावर उलटला, सरळ केला, पुन्हा उलटला. भाचा एका चालीने फिरत राहिला. शेवटी पहिला आला तो भोरचाच दुसरा मुलगा, आमचा एका फेरीने मागे, दुसरा. मोटर ६२ अंश. त्याने आकडा आधी वहीत लिहिला, मग आईकडे पाहिलं.

गणितात यंदा तो वरच्या नंबरात आला असं नाही. पास झाला, आणि आता प्रमाणाची उदाहरणं सोडवताना वही लपवत नाही. दहावीनंतर त्याला इलेक्ट्रिशियनच्या आयटीआयला जायचंय. दुल्हाभाईंना वाटतं पॉलिटेक्निक करावं. आमच्या देशात इंजिनिअरिंगचे विद्यार्थी माणूस बसेल अशी विजेवरची ऑफ-रोड गाडी बनवून ई-बाहा स्पर्धेत उतरतात, २०१५ पासून, हे आम्ही दोघांनाही सांगितलंय. निर्णय अजून व्हायचा आहे. घरात रोज बोलणं होतं, आणि त्या बोलण्यात आता मुलगाही असतो.

तुमच्या माळ्यावर असं एखादं खोकं असेल तर विकण्याआधी एकदा खाली काढा. मुलाला एक कोरी वही द्या, आणि पहिल्या दिवशी त्याच्याजवळ बसा.