जागलीचं मचाण: डुलकी लागली तरी पडू नये म्हणून

इंझोरी (ता. मानोरा) : हरभरा घाट्यावर आला की रानडुकरं अन् रोही रात्री शेतात उतरतात, मग जागलीला मचाण बांधावंच लागतं. हे मचाण शिकारीचं नाही बरं. शिकारीला 1972 च्या वन्यजीव कायद्याने बंदी आहे.

झाड कडुनिंबाचं नाहीतर चिंचेचं बघा. शेवगा, पांगारा दिसायला जाड, पण फांदी कडकन मोडते. वरून विजेची तार जात असेल तर ते झाड सोडाच. उंची आठ-दहा फूट पुरे.

सगळ्यात हलकं मचाण म्हणजे जुनी बाज. ती चारही बाजूंनी जाड फांद्यांना बांधा. नायलॉनचा दोर उन्हाने कमजोर होतो, दर हंगामात बदला. थंडी खालून जास्त लागते, म्हणून बाजेवर आधी कुटार भरलेलं पोतं, मग घोंगडी.

खरा धोका पहाटेच्या डुलकीचा. कमरेला नुसता दोर बांधून भागत नाही. माणूस लटकला तर पोट आवळून श्वास कोंडतो. टॉवरवर चढणारे वापरतात तसा खांद्या-मांड्यांचा पट्टा घ्या आणि त्याचा दोर डोक्याच्या वर खोडाला आखूड बांधा. बॅटरी, पाण्याची बाटली हातात धरून चढू नका. वर बसल्यावर दोरीने ओढून घ्या. विजा कडाडायला लागल्या तर उतरा अन् पक्कं घर गाठा.

कुंपणात करंट मात्र सोडू नका, त्यात माणसंच मरतात. पीक खाल्लं तर फोटो काढून वन विभागाकडे लगेच अर्ज द्या.