धावपट्टी गेली, सीनरी राहिली
पडद्यावरचं आकाश : भाग ६

गेल्या भागात संगणकावरच्या फ्लाइट सिम्युलेटरमधल्या मोठ्या विमानतळांची सीनरी, म्हणजे पडद्यावर उभारलेली जमीन आणि इमारती, पाहिली. तिथे वैमानिक उपकरणांच्या भरवशावर उतरू शकतो. टर्मिनलच्या भिंतीचा रंग चुकला तरी विमानाचं काही अडत नाही. छोट्या धावपट्टीवर तो डोळ्यांनी उतरतो. कुठली इमारत आली की वळायचं, किनारा कधी मागे पडतो, यावर त्याचा सगळा अंदाज. म्हणून सीनरी करणाऱ्याची खरी परीक्षा छोट्या विमानतळावरच होते, असं माझं ठाम मत आहे. आजचं उदाहरण शिकागोच्या मेग्ज फील्डचं.

मिशिगन सरोवरात भराव घालून केलेल्या नॉर्दर्ली आयलंडवर १९४८ साली हा विमानतळ सुरू झाला. उत्तर-दक्षिण अशी एकच धावपट्टी, लांबी सुमारे ३,९०० फूट. पूर्वेला नुसतं पाणी, पश्चिमेला शहराच्या उंच इमारती. मायक्रोसॉफ्टचा पहिला फ्लाइट सिम्युलेटर १९८२ मध्ये आला, तेव्हा विमान सुरुवातीला इथेच उभं असे. तो लिहिणारा ब्रूस आर्टविक इलिनॉय विद्यापीठात शिकलेला. शिकागो त्याच राज्यातलं. पुढच्या अनेक आवृत्त्यांतही ही जागा कायम राहिली. अमेरिका कधी न पाहिलेल्या माणसांनीही पहिलं उड्डाण इथूनच केलं.

३० मार्च २००३ च्या रात्री महापौर रिचर्ड डेली यांच्या हुकमावरून बुलडोझर आले आणि त्यांनी धावपट्टीवर मोठमोठ्या फुल्या खोदल्या. आगाऊ सूचना नव्हती. १६ विमानं अडकून पडली. नंतर ती टॅक्सीवेवरून उडवावी लागली. सुरक्षेचं कारण सांगितलं गेलं. शहराला ३३,००० डॉलर दंड झाला, धावपट्टी मात्र गेली ती गेलीच. सार्वजनिक विमानतळ असा रात्रीत फोडणं मला आजही अक्षम्य वाटतं.

आता तिथे उद्यान आहे. २०२० चा सिम्युलेटर हवाई आणि उपग्रह छायाचित्रांवरून जमीन रंगवतो, त्यामुळे त्यातही सुरुवातीला गवतच दिसायचं. मेग्ज परत उभं करायचं तर आधी पुसावं लागतं. सीमारेषा आखून आतली झाडं, वाटा, इमारती वगळायच्या. २०१५ मध्ये उद्यानाच्या दक्षिण भागात टेकाडं आणि तळं केलं गेलं. ती टेकाडं सपाट केली नाहीत तर धावपट्टीला पोक येतो. विमानतळाची उंची ५९३ फूट, म्हणजे सरोवराच्या पाण्यापासून जेमतेम पंधरा फूट. उंचीचे आकडे थोडे ढिले पडले की किनारा पाण्यात घसरतो.

मग जुनं हवाई छायाचित्र पसरायचं. त्यातल्या सावल्या ज्या वेळी फोटो काढला त्या वेळच्या, आणि सिम्युलेटरचा सूर्य तर फिरता. त्या सावल्या काढून टाकल्या नाहीत तर एकाच इमारतीच्या दोन सावल्या दिसतात. टर्मिनल ब्लेंडर या त्रिमितीय आकृत्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये उभारायचं. ती इमारत सुदैवाने अजून शाबूत आहे, भिंतींचे फोटो आजही मिळतात.

सर्वांत अवघड प्रश्न सालाचा. विमानतळ २००२ चा आणि मागे शहर आजचं, असं केलं तर २००९ मध्ये पुरा झालेला ट्रम्प टॉवर धावपट्टीवरून दिसतो. मेग्जवर उतरताना एकाही वैमानिकाने तो पाहिलेला नाही. शेजारच्या सोल्जर फील्ड स्टेडियमचं रूपही २००३ मध्ये पार बदललं. सगळं शहर मागे नेणं एकट्यादुकट्याच्या आवाक्यातलं नाही, हे मान्य. पण सीनरीसोबतच्या माहितीत साल स्पष्ट लिहायलाच हवं, नाहीतर पुढच्या पिढीला तेच चित्र खरं वाटेल.

सिम्युलेटरला ४० वर्षं झाली तेव्हा, २०२२ मध्ये, मायक्रोसॉफ्टने नव्या आवृत्तीत स्वतःच मेग्ज परत दिलं. तुमच्याकडे ती आवृत्ती असेल तर या आठवड्यात सेसना १७२ घेऊन उत्तरेकडून १८ क्रमांकाच्या धावपट्टीवर उतरा. नकाशा बंद ठेवा, ॲडलर तारांगणाचा घुमट शोधा. पुढच्या भागात धावपट्टीचे दिवे पाहू.