मोटारीच्या इंजिनांतील ठिणगीची वेळ

पेट्रोलच्या इंजिनांत ठिणगी पडली कीं तत्क्षणीं स्फोट होतो, अशी सर्वसाधारण समजूत असते. ती खरी नव्हे. हवा व इंधन यांचें मिश्रण ठिणगीपासून पेटत पेटत सिलिंडरभर पसरतें, आणि त्यास सेकंदाचा सुमारें दोन-सहस्रांश भाग लागतो. हा काळ क्षुल्लक वाटेल. परंतु मिनिटास ३००० फेरे घेणारा इंजिनाचा दांडा तेवढ्यांत ३६ अंश फिरून जातो. म्हणून दट्ट्या वरच्या टोंकास पोंचण्यापूर्वींच ठिणगी पडावी लागते.

फोर्डच्या १९०८ ते १९२७ या काळांतील 'मॉडेल टी' मोटारींत ही वेळ चालकच ठरवीत असे; त्यासाठीं सुकाणूचक्राखालीं एक दांडी होती. हँडल मारण्यापूर्वीं ती मागें घेण्यास जो विसरे, त्याचें मनगट उलट्या हिसक्यानें मोडण्याचा धोका असे.

पुढें हें काम डिस्ट्रिब्यूटरकडे आलें. वेग वाढला कीं त्यांतील फिरतीं वजनें बाहेर फेकलीं जातात व ठिणगी लवकर पडते. पण केवळ वेग पाहून भागत नाहीं. सपाट रस्त्यावर गाडी संथ चालत असतां थ्रॉटलची झडप थोडीच उघडी असते. सिलिंडरांत मिश्रण कमी शिरतें, जळक्या वायूचा अंश त्यांत अधिक राहतो, आणि तें सावकाश जळतें. त्याला ठिणगी आणखी आधीं हवी.

झडप अर्धवट मिटलेली असल्यानें तिच्यापलीकडे हवेचा दाब उतरतो. यासच कारागीर 'व्हॅक्यूम' म्हणतात. कार्ब्युरेटरपासून निघालेली बारीक नळी ही ओढ डिस्ट्रिब्यूटरला लावलेल्या डबीपर्यंत नेते. डबींतील लवचिक पडदा ओढला जातो, त्याची सळई कॉन्टॅक्ट पॉइंटांची तबकडी दांड्याच्या उलट दिशेस फिरविते, आणि ठिणगी कांहीं अंश आधीं पडते. चढावर चालकानें पाय दाबला कीं झडप उघडते, ओढ नाहींशी होते, व स्प्रिंग पडद्यास परत ढकलते. हें परतणेंही तितकेंच आवश्यक. कारण भरगच्च मिश्रण झपाट्यानें जळतें, आणि ठिणगी फार आधीं पडल्यास इंजिन ठोके देऊं लागतें. दीर्घकाळ तसें चालल्यास दट्ट्याला भोंक पडूं शकतें.

पडदा फाटला तरी गाडी बंद पडत नाहीं, यांतच फसगत आहे. संथ चालींत पेट्रोल अधिक जळतें, इंजिन तापतें, आणि मालक दोष कार्ब्युरेटरला देतो. इंजिन बंद असतां डबीस स्वच्छ रबरी नळी लावून तोंडानें हवा ओढावी. तबकडी हलली व ओढ टिकून राहिली, तर पडदा शाबूत समजावा.

आजच्या गाड्यांत हें काम इलेक्ट्रॉनिक यंत्रणा करते. तरी तिलाही जाणून घ्याव्या लागतात त्या त्याच दोन गोष्टी: इंजिनाचा वेग आणि त्यावरील भार.